पौंडभर लोणी आणि देशाची सुरक्षा

"तू काय करतोस?" असं कुणी विचारलं, की वेंडेल हॅरिगन "संरक्षण खात्याचं काम करतो" असं म्हणून जरा थांबायचा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाणबुड्या आणि क्षेपणास्त्रं तरळू लागायची. त्याची बायको डार्लीन जवळ असली, तर मात्र ती लगेच म्हणायची, "विमानात पायलटच्या बुडाखाली गादी असते ना, ती करतो हा." डार्लीनला खोटं बोलता येत नसे. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी तिचा हा दोष काही गेला नव्हता.

तर गाद्या. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एका भागात नौदलाचा विमानतळ आहे आणि त्याच्या कुंपणाला चिकटून खंडीभर छोट्यामोठ्या कंपन्या आहेत. त्यांतल्या एका कंपनीत वेंडेल वीसेक वर्षं स्पंज कापत आला होता. त्या वसंतात जुन्या विमानांच्या गाद्यांचं काम संपत आलं आणि नव्या विमानाचं काम आलं. नवं विमान गुप्त होतं. विमान गुप्त म्हणून खुर्ची गुप्त, खुर्ची गुप्त म्हणून गादी गुप्त, आणि गादी गुप्त म्हणून आतल्या स्पंजाची जाडीसुद्धा गुप्त.

त्याच्या साहेबाने, लॉयडने, त्याला खोलीत बोलावलं. "वेंडेल, नव्या कामाला क्लिअरन्स लागतो. पानगळीपर्यंत जुनं काम संपेल. क्लिअरन्स मिळाला तर तू नव्या विभागात. नाही मिळाला, तर..." पुढचं वाक्य लॉयडने खांदे उडवून पूर्ण केलं.

क्लिअरन्स म्हणजे, ह्या माणसाच्या पोटात गुपित राहतं, असा सरकारने दिलेला दाखला. त्यासाठी भलामोठा अर्ज भरावा लागतो. कुठे कुठे राहिलात, कुणाकुणाशी लग्न केलंत, कोणत्या परदेशी माणसाशी दोस्ती आहे, कोणत्या सरकारविरुद्ध कट केलात का. वेंडेल भराभर 'नाही, नाही' करत पुढे गेला. इतकी पानं भरून आपल्या आयुष्यात काहीच घडलेलं नाही, हे बघून त्याला थोडं वाईटही वाटलं. मग एका प्रश्नापाशी त्याचा हात थांबला. दारूमुळे पोलिसांशी कधी संबंध आला आहे का?

आला होता. आणि तो कसा आला, हे सांगायचं तर लोण्यापासून सुरुवात करावी लागते.

वेंडेलच्या शेजारी बक टॉलिव्हर राहायचा. नौदलातून निवृत्त झालेला, मानेला अजून ताठा, घरापुढच्या टपालपेटीवर रंगवलेला जहाजाचा नांगर. दरवर्षी चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, त्याच्या परसात खेकड्यांची पंगत असायची. टेबलांवर वर्तमानपत्रं पसरायची, मसाल्यात वाफवलेले खेकडे त्यांवर ढिगाने ओतायचे, लाकडी हातोड्यांनी फोडायचे, बोटं चोखायची आणि वर थंड बिअर. खेकड्यांच्या पातेल्यापाशी उभं राहण्याचा मान बकचा. "आम्ही जुने मेरीलँडकर," असं म्हणत तो झाकण उचलायचा, आणि वाफेबरोबर सगळी गल्ली पुढे सरकायची.

ह्या पंगतीत एक गोष्ट वर्ज्य. लोणी. वितळलेल्या लोण्यात खेकडा बुडवून खाणं हे बाहेरच्यांचं काम. समुद्र फक्त चित्रात बघितलेल्या लोकांचं. लोणी लावून खेकडा खाणाऱ्या घरात इथे कुणी मुलगी देणार नाही, असं म्हटलं तरी चालेल.

आदल्या वर्षीच्या पंगतीत बकने वेंडेलला गॅरेजच्या मागे नेलं. आजूबाजूला पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "गड्या, तुझ्यावर विश्वास टाकू का?"

"टाक की."

"मला लोणी हवंय."

वेंडेलला वाटलं, ऊन लागलं असेल. पण बकने सगळं ओकून टाकलं. तो जन्मला नेब्रास्कात. मक्याच्या शेतात. भरती होईपर्यंत त्याने तळं सोडून दुसरं पाणी पाहिलं नव्हतं. मेरीलँडला येऊन एवढी वर्षं झाली, पण लोण्यावाचून खेकडा त्याच्या घशाखाली उतरत नव्हता. चारचौघांत तो एखादा कोरडा चघळायचा आणि बाकीचे गॅरेजमागे उरकायचा. आज नेमकं लोणी संपलं होतं आणि त्याला पातेलं सोडता येत नव्हतं.

"कुणाला बोललास तर माझी अब्रू गेली."

"मेलो तरी बोलणार नाही," वेंडेल म्हणाला. त्याच्या पोटात तेव्हा तीन-चार बिअर होत्या, आणि माणूस अशा वेळी फार मोठ्या मनाचा होतो.

आता दारू पिऊन गाडी चालवू नये, हे वेंडेलचं तत्त्व होतं. त्या तत्त्वाला जागून तो गवत कापायच्या गाडीवर बसला. हिरव्या रंगाची, वर बसून लहानसं चाक फिरवत अंगणात हिंडवायची ती. रस्त्याच्या कडेकडेने तो दुकानापर्यंत गेला आणि पौंडभर लोणी मांडीवर घेऊन परत येत असताना मागून निळे-लाल दिवे लागले. पोलिसाने त्याला सरळ रेषेवर चालायला लावलं. वेंडेल चालला, पण रेषा वेगळीकडे गेली. नळीत फुंकायला लावलं, त्याने फुंकलं, आणि पोलिसाने मान हलवली. मग पोलिसाची नजर लोण्यावर गेली. चार जुलै, मसाल्याने माखलेली बोटं, हातात लोणी. तो बिचारा इथलाच होता. त्याचा चेहरा कठोर झाला.

"हे कुणासाठी?"

"ते मी सांगू शकत नाही," वेंडेल म्हणाला.

पोलिसाने तसंच लिहून घेतलं.

न्यायाधीश भला माणूस होता. त्याने वेंडेलला दोषी ठरवलंच नाही. निकाल राखून ठेवतो, काही महिने सरळ वागा, दारूवरचा वर्ग पुरा करा आणि विषय संपला, असं तो म्हणाला. उठता उठता मात्र चष्म्यावरून बघत त्याने विचारलं, "खेकड्यांना लोणी?" वेंडेल बुटाची नाडी बांधायला वाकला. गावच्या साप्ताहिकात पोलिसांच्या बातम्यांचं सदर येतं आणि मुखपृष्ठ सोडून लोक आधी तेच वाचतात. त्यात सगळं आलं, लोण्याच्या वजनासकट.

दारूबद्दल गल्लीत कुणी चकार शब्द काढला नाही. माणूस आहे, सणाचा दिवस आहे, होतं. पण लोणी! पलीकडच्या घरातल्या मिसेस ऑग्सबर्गर, निवृत्त शाळामास्तरीण, चर्चच्या खेकडावड्यांच्या समितीच्या प्रमुख. त्यांनी वेंडेलला समितीतून काढून खुर्च्या मांडायच्या कामावर टाकलं. बक सगळ्यांदेखत मान खाली घालून म्हणाला, "माणूस वाईट नाही हो. चव वाईट आहे." वेंडेलने हेही गिळलं. डार्लीनने तर एकदाच विचारलं, "तू घरी कधी लोणी मागितलं नाहीस रे. माझ्याकडून काही कमी पडत होतं का?" तेव्हा त्याला खरं सांगून टाकावंसं फार वाटलं. पण शब्द दिला होता, आणि डार्लीनला सांगणं म्हणजे गावाला सांगणं, कारण तिला कुणी सरळ विचारलं की ती सरळ उत्तर देते.

तर आता तो प्रश्न अर्जात समोर उभा होता. कुंपणापलीकडून बकने सल्ला दिला. "लिहू नकोस! न्यायाधीशाने तुला दोषी ठरवलं का? नाही. मग झालंच नाही ते. अरे, मी जहाजावर गुपितं सांभाळली आहेत. कमीत कमी बोलायचं, हा पहिला नियम." बक हे बोलताना वेंडेलच्या डोळ्यांत बघत नव्हता.

डार्लीन म्हणाली, "लिही. खरं लिही, आणि थोडक्यात लिही."

वेंडेलने डार्लीनचं ऐकलं. निकाल राखून ठेवला असला तरी पकडलं होतं ना, मग लिहायलाच हवं, असं अर्जातच बारीक अक्षरांत म्हटलं होतं. तीन-चार बिअर, गवत कापायची गाडी, न्यायालय, वर्ग, सगळं त्याने लिहिलं. कशासाठी निघाला होता, त्या जागी लिहिलं, 'सामान आणायला'. लॉयडलाही त्याने जाऊन सांगितलं. लॉयड म्हणाला, "एकदा झालेलं आणि आपणहून सांगितलेलं असलं, तर सहसा कुणी अडवत नाही. लपवलं की मात्र मेलास. आता गप्प बस आणि काही करू नकोस."

वेंडेल गप्प बसला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बकने त्याला सांगितलं की अर्जाची शहानिशा करायला बाई किंवा बुवा येतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, हा माणूस पितो का. ते ऐकून वेंडेलने ठरवलं, आपली बाजू भक्कम करायला हवी.

तो आधी मिसेस ऑग्सबर्गरकडे गेला. "कुणीतरी चौकशीला येईल. त्यांना एवढंच सांगा, की मी दारू पीत नाही."

मिसेस ऑग्सबर्गरनी चष्मा काढला. "पीत नाहीस, म्हणजे आता पीत नाहीस?"

"म्हणजे, फारशी कधीच नव्हतो पीत."

"बाळा," त्या त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "माझा मोठा भाऊही असंच म्हणायचा. देव तुझ्या पाठीशी आहे."

संध्याकाळी त्या ट्यूना मासा, शेवया आणि वर कुस्करलेले वेफर असं भाजलेलं भांडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. हे भांडं आमच्याकडे कुणी मेलं, घर जळालं किंवा नवरा पळून गेला, की येतं. दुसऱ्या दिवशी समोरच्यांकडून एक आलं, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातून. आठवडाभरात वेंडेलच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा उरली नाही. ज्यांना काही माहीत नव्हतं, त्यांना सगळं माहीत झालं, आणि जे घडलंच नव्हतं तेही माहीत झालं.

"तू दारोदार जाऊन लोकांना काय सांगतोयस?" डार्लीन ट्यूनाचं तिसरं भांडं गरम करत म्हणाली.

"मी पीत नाही, असं."

"रोज दारात येऊन मी चोर नाही म्हणणाऱ्या माणसाला तू घरात घेशील का?"

ह्यावर वेंडेलने उत्तर शोधलं ते असं, की आता एखाद्या तज्ज्ञाचा दाखलाच आणायचा. गावातल्या समुपदेशकबाईंकडे तो स्वतःहून गेला. त्यांनी मऊ आवाजात प्रश्न विचारायला सुरुवात केली. वेंडेलने ठरवलं होतं, इथेही खरंच बोलायचं.

"दारूचा विचार मनात किती वेळा येतो?"

"हल्ली सारखाच येतो," वेंडेल म्हणाला.

"दारूमुळे झोप उडते?"

"अर्ज भरल्यापासून डोळ्याला डोळा नाही."

"घरचे कधी तक्रार करतात?"

"बायको म्हणते, आता हा विषय पुरे कर."

"नोकरी जायची भीती वाटते?"

"त्यासाठीच तर आलोय."

समुपदेशकबाईंनी पेन खाली ठेवलं आणि कागदी रुमालांची पेटी त्याच्याकडे सरकवली. आपल्याला व्यसन नाही असं म्हणत राहणं हेच व्यसनाचं मुख्य लक्षण आहे, असं त्या म्हणाल्या. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी व्यसनमुक्तांची सभा भरते, तिथे जा, असं त्यांनी सुचवलं. न गेलो तर ह्या बाई 'उपचार नाकारला' असं लिहितील, ह्या धास्तीने वेंडेल गेला. खुर्च्या त्यानेच मांडलेल्या होत्या. त्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझं नाव वेंडेल. मला व्यसन नाही." सगळ्यांनी एका सुरात "नमस्कार, वेंडेल" म्हटलं आणि प्रेमाने टाळ्या वाजवल्या. शेजारचा दाढीवाला त्याच्या कानाशी कुजबुजला, "मीही पहिली दोन वर्षं हेच म्हणायचो." त्या भल्या माणसांसमोर वेंडेलला स्वतःची लाज वाटली. त्यांचं दुःख खरं होतं आणि हा तिथे दाखला मागायला आला होता.

घरी येऊन त्याने शेवटचा पराक्रम केला. घरात दारूचा थेंबही नको, म्हणून गॅरेजमधल्या सगळ्या बिअर, डार्लीनची वाईन, नाताळात कुणीतरी दिलेली आणि कुणीच न उघडलेली गोड मद्यं, सासऱ्यांच्या वेळची व्हिस्की, सगळं फुलांच्या वाफ्यात ओतलं. डार्लीन फक्त बघत राहिली. वाफ्यातल्या गोगलगायी दोन दिवस वेड्यावाकड्या हिंडत होत्या. रिकाम्या बाटल्या आणि डबे कचऱ्याच्या निळ्या पेटीत मावेनात, म्हणून कचरागाडीच्या दिवशी सकाळी त्याने ते रस्त्याच्या कडेला नीट रचून ठेवले.

त्याच सकाळी चौकशीवाल्या बाईंची गाडी बरोबर त्या ढिगासमोर थांबली.

बाईंचं नाव मिस फेनविक. साधा करडा कोट, सपाट बूट, आणि समोरच्याने काहीही सांगितलं तरी न हलणारा चेहरा. त्यांनी आधी ढिगाकडे पाहिलं, मग वासाच्या दिशेने वाफ्याकडे पाहिलं, आणि मग शेजाऱ्यांच्या दारांवर टकटक केली. वेंडेल पडद्याआडून बघत होता. मिसेस ऑग्सबर्गरच्या दारात त्या बराच वेळ थांबल्या आणि मिसेस ऑग्सबर्गरनी दोनदा डोळे पुसले. बकच्या दारात बक छाती पुढे काढून, हात हलवून काहीतरी ठासून सांगत होता.

नंतर मिस फेनविक वेंडेलच्या मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. कुंपणाच्या झुडपापलीकडे बक झुडूप छाटत होता. ते झुडूप त्याने आदल्या दिवशीच छाटलेलं होतं.

"मिस्टर हॅरिगन," मिस फेनविक म्हणाल्या, "तुमच्या एका शेजारीणबाई म्हणतात, तुम्ही व्यसनाशी शूरपणे झुंजत आहात. दुसरे शेजारी म्हणतात, तुम्हाला बिअरचा वासही सोसत नाही. तुम्ही स्वतः लिहिलंत, तीन-चार प्यालात. आणि तुमच्या दारात मी आख्खं दुकान पाहिलं. मी कुणाचं ऐकू?"

"माझं," वेंडेल म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. ट्यूनाची भांडी, समुपदेशकबाई, तळघर, वाफा. मिस फेनविक लिहीत होत्या. गोगलगायींपाशी त्यांचं पेन जरा अडखळलं, पण चेहरा हलला नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "दारूचं मला फार वाटत नाही. एकदा झालं, तुम्ही आपणहून सांगितलंत, पुन्हा झालं नाही. पण पोलिसांच्या अहवालात एक वाक्य आहे. एका प्रश्नाचं उत्तर द्यायला तुम्ही नकार दिलात." त्यांनी चष्मा सावरला. "लोणी कुणासाठी होतं?"

झुडपापलीकडची कात्री थांबली.

"ते मी सांगू शकत नाही," वेंडेल म्हणाला.

"अधिकाऱ्याने विचारल्यावर तोंड मिटणारा माणूस, असं वरचे लोक वाचतील. तुमची नोकरी ह्यावर आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण मी शब्द दिलाय."

"सरकारपेक्षा मोठा?"

वेंडेलला वर्षभर पोटात कोंबलेलं सगळं एकदम वर आलं. "बाई, सरकारला माझ्याकडून हवंय तरी काय? कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी पोटात ठेवावी, एवढंच ना? ती मी ठेवली. पोलिसाने विचारली, न्यायाधीशाने विचारली, माझ्या बायकोने रडवेली होऊन विचारली. मला वड्यांच्या समितीतून काढलं. चार माणसांत माझ्या चवीला नावं ठेवली. मी एक अक्षर बोललो नाही. आणि आता तुम्ही म्हणता, गुपित राखायला लायक आहेस हे दाखवायचं असेल, तर गुपित फोड!"

मिस फेनविकनी चष्मा पुसून परत चढवला. मग त्यांनी लिहिलं. वेंडेलला उलट्या बाजूनेही ते वाचता आलं. 'उत्तर देण्यास पुन्हा नकार.' झालं, त्याला वाटलं, गेली नोकरी. एवढ्या वर्षांत त्याला स्पंज कापण्याखेरीज दुसरं काहीच येत नव्हतं.

मागच्या दारात डार्लीन लिंबूपाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. "वेंडेल," ती हळूच म्हणाली, "म्हणजे ते लोणी तुझं नव्हतं?"

वेंडेलने मान खाली घातली. डार्लीनने ट्रे ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात झुडूप जोरात हललं आणि त्यातून कात्रीसकट बक बाहेर आला. टोपीत पानं अडकलेली, चेहरा लालबुंद. तो ओट्यापुढे येऊन ताठ उभा राहिला.

"माझं होतं," तो म्हणाला. "लोणी माझं होतं, मॅडम."

मिसेस ऑग्सबर्गर नेमक्या तेव्हाच नवं भांडं घेऊन घराच्या कोपऱ्यावरून वळत होत्या. त्या जागीच थिजल्या आणि भांड्यावरचं झाकण खाली पडलं.

मिस फेनविक अजून तशाच. पण त्यांचे वडील मेरीलँडच्याच उपसागराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर जन्मभर खेकडे धरत आले होते, हे त्यांनी आता पहिल्यांदा सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज थंड होता. "मिस्टर टॉलिव्हर, सकाळी मला म्हणालात, तुम्ही जुने मेरीलँडकर."

"ते खोटं होतं."

"जन्म कुठला?"

"नेब्रास्का."

मिस फेनविकनी वेंडेलच्या कागदावर 'परकीय प्रभाव' असं लिहिलं, जरा विचार केला, आणि खोडलं.

"नौदलात तुमच्याकडे क्लिअरन्स होता?"

"सगळ्यांत वरचा."

"तेव्हा हे सांगितलं होतंत?"

"कुणी विचारलंच नाही, मॅडम," बक म्हणाला. "बायका, बाटली, उधारी, रशियन, सगळं विचारलं. लोण्याचं कुणी काढलं नाही." मग तो वेंडेलकडे वळला. "गड्या, तुझी नोकरी जाताना बघून मला ते लोणी पचेना. इतके दिवस पचवलं, त्याची माफी कर."

वेंडेलला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण टोपीतली पानं बघून ते काही जमलं नाही. "बस. लिंबूपाणी घे," तो म्हणाला. मिस फेनविकनी वही मिटली आणि जाता जाता मिसेस ऑग्सबर्गरच्या हातातल्या ट्यूनाकडे बघून, "मला नको," असं न विचारताच सांगून टाकलं.

पानगळ सुरू व्हायच्या आत वेंडेलचा क्लिअरन्स आला. नव्या विभागात त्याला जाडजूड दारं ओलांडून, फोन बाहेर ठेवून, सही करून आत नेण्यात आलं आणि ती गुप्त गादी दाखवण्यात आली. त्या संध्याकाळी डार्लीनने विचारलं, "मग? काय आहे एवढं तिच्यात?" वेंडेलने गॅरेजमधून विमानाची वीस वर्षांपूर्वीची जुनी गादी काढली, तिच्यावर बसला आणि बराच वेळ हसत राहिला. डार्लीनने पुढे विचारलं नाही.

पुढच्या चार जुलैला पंगत वेंडेलच्या परसात झाली. पातेल्याचा मान त्याला मिळाला. समितीतलं स्थानही परत मिळालं, आणि मिसेस ऑग्सबर्गरनी सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेऊन, "बाळा, मला कधी शंका आलीच नव्हती," असं सांगितलं. बकला टेबलाच्या टोकाला मक्याची कणसं उकडायला बसवलं होतं. मक्याला लोणी चालतं, पण तो बोटाने लोणी घ्यायला लागला की सगळी गल्ली त्याच्या हाताकडे बघायची. अंधार पडता पडता बिअरचे डबे रिकामे झाले, कुणी कुणाच्या खांद्यावर रेललं, आणि लांबून आलेला एकेक जण किल्ल्या खुळखुळवत, भिंतीला धरत, आपापल्या मोटारीत बसून निघून गेला. जाताना कुणाच्या पोटात किती होती, हे कुणी मोजलं नाही. लक्ष सगळं बकच्या बोटांवर होतं.

बकचे हाल वेंडेलला बघवेनात. त्याने उरलेले चार खेकडे एका ताटलीत घेतले, डार्लीनने रुमालाखाली झाकून एक वाटी त्याच्या हातात दिली, आणि बकला खुणावून पुढे पाठवत तो मागून निघाला. गॅरेजच्या मागे वळल्यावर तो थांबला. तिथे आधीच कुणीतरी होतं. जुन्या डब्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, स्वतः आणलेल्या वाटीतल्या वितळलेल्या लोण्यात खेकड्याचा नांगा बुडवून मिसेस ऑग्सबर्गर डोळे मिटून चोखत होत्या. बक त्यांच्यासमोर तोंड उघडं टाकून उभा होता.

वेंडेलने वाटी आणि ताटली हळूच जमिनीवर ठेवली आणि तो पावलं न वाजवता परत आला.

"काय रे, एवढ्यात आलास?" डार्लीनने विचारलं. "कोण आहे मागे?"

"ते मी सांगू शकत नाही," वेंडेल म्हणाला.